टोपड्याचं माप

सातव्या महिन्यातच जन्मलेली मुलगी काचेच्या पेटीत होती. आई वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडून होती. “मला बघवणार नाही,” एवढंच म्हणायची. बाप शिंपी, तीन दिवस बाहेरच्या बाकावर नुसता बसून होता. चौथ्या दिवशी सिस्टरनं इवल्या टोपड्यांनी भरलेला खण गुडघ्यानं बंद करून त्याला आत बोलावलं. “आमची टोपडी हिला मोठी होतात. तुम्हीच एक शिवा.” “माप?” “घ्या की. हात धुऊन या.” तिनं दिलेली कागदी टेप त्यानं आवळायला घाबरत लेकीच्या डोक्याभोवती फिरवली. बोटाखाली टाळू उडत होती. तो तडक बायकोकडे गेला. “साडेनऊ इंच भरलं डोकं. टाळू उडतेय, माझ्या बोटाला जाणवली.” बायको वळली. “शिवण बाहेरून ठेवा, टोचेल तिला.” मग उठून बसली. “घाबरत घेतलेल्या मापाचा काय भरवसा? चपला द्या, मी येते.”