पडद्याकडे पाठ

श्रीरंग अवकाशस्थानकावर दुरुस्तीच्या कामाला होता आणि त्याचं काम घरच्या पडद्यावर थेट दिसायचं. रविवारी बोलताना त्याने हेमांगीशी नेहमीचाच वाद काढला होता.

"कालच्या सिनेमात यान फुटतं तेव्हा केवढा आवाज! तिथे हवाच नाही, आवाज येईल कसा? चूकच आहे ती."

"असू दे," हेमांगी म्हणाली होती. "नाहीतर बघणाऱ्याला कळायचं कसं?"

मंगळवारी ती पडद्याकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. श्रीरंगच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा तिने वळून पाहिलं. स्थानकाचे तुकडे केव्हापासून तरंगत होते.

तेवढ्यात सासूबाई आंघोळ करून आल्या. "श्रीरंगचं काम आटोपलं का गं?"

हेमांगीने पडदा बंद केला.

"आई, आधी खाली बसा," ती म्हणाली.