ठिपक्यांचं झाड

रघुवीर वकिलांनी मुंबईहून कुंडीतलं एक झाड आणलं आणि नाव विचारायचं विसरले. हिरव्या पानांवर पिवळे ठिपके. महाडात कोणालाच ते ओळखू येईना. शेवटी मुंबईच्या माळ्याला पत्र टाकून वकील आठ दिवस अलिबागच्या कोर्टात गेले. झाडाला पाणी घालायचं काम पोलादपूरकडच्या गोमाजी गड्याला सांगितलं.

परत येऊन बघतात तर कुंडीत नुसती उघडी काडी, तिलाही राख चोळलेली.

"पानं कुठं गेली, गोमाजी?"

"रोग व्हता, वकीलसाहेब. आमच्या भातावर करपा पडतो, त्योच. एकूणएक पान खुडून जाळलं. आता हिरवंगार फुटंल."

वकिलांनी कपाळाला हात लावला. माळ्याचं उत्तर येऊन पडलं होतं, ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव क्रोटन. झाड शोभेचं. ठिपके जन्माचेच, आणि त्या ठिपक्यांसाठीच लोक ते हौसेनं दारात लावतात.

गोमाजीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग एकदा आमच्या शेतावर याच, साहेब. औंदा सगळं भात शोभेचं आलंय."