पाणबुडीची शिडी

क्षिप्राचे बाबा काम करत त्या फरीदाबादच्या कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि त्या वर्षी चांगल्या कामाबद्दल त्यांना सहकुटुंब मॉरिशसची सहल बक्षीस मिळाली. तिथे बोटीवरून पर्यटकांच्या पाणबुडीत उतरायला उभी शिडी होती. "आपण दोघं बोटीवरच थांबू हं," बाबा क्षिप्राला म्हणाले. पोलिओमुळे पायांना आधाराचे कॅलिपर लावणाऱ्या बारा वर्षांच्या क्षिप्राने शिडीकडे पाहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. कठडा धरून चढता-उतरता तिचे दंड पिळदार झाले होते. "मी बिल्कुल थांबणार नाही." "अगं, पडशील!" आई ओरडली. खलाशी तिला उचलायला वाकला. त्याला अडवून तिने पट्टे सोडले, कॅलिपर आईच्या हातात दिले आणि नुसत्या हातांवर एकेक पायरी उतरली. तळवे चरचरत होते. खाली खिडकीबाहेर मासे फिरत होते. तेवढ्यात बाबा शिडीवर चाचपडताना दिसले. "सावकाश, बाबा," ती म्हणाली, "पाय नीट बघून टाका."