पाचवा टायर

"बाबा, खरं सांगा, तुमचा जास्त जीव कुणात? माझ्यात की या खटाऱ्यात?"

मैत्रिणींनी 'विचारून दाखव' म्हटलं होतं आणि तिने भर अंगणात विचारलंसुद्धा! जुन्या फोर बाय फोर जीपखालून बाबांचं फक्त डोकं बाहेर आलं. "वेडाबाई, आपल्या तिघांना पार डोंगरमाथ्यापर्यंत जाता यावं म्हणून तर मोठे टायर घेतलेत! धर तो पाना."

मग काय, स्वारी खूश! भरायला आणलेला होस्टेलच्या शाळेचा फॉर्म तिने त्याच दिवशी कपाटात कोंबला. गॅरेजची मजुरी वाचवायला बापलेकींनी दोन रविवार घाम गाळला. सेकंडहँड टायर घासू नयेत म्हणून मडगार्डच्या कडा कापल्या. स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट जातंय का, ते तिनेच बघितलं. जात होतं!

चार टायर झोकात बसले. पाचवा, स्टेपनीचा, मात्र गाडीखालच्या जुन्या जागेत काही केल्या मावेना आणि मागे नवा स्टँड बसवणं बजेटबाहेर. बाबांनी डोकं खाजवलं, चार बोल्ट काढले आणि लहानपणापासून ती जिथे बसायची ती मागची एकुलती एक सीट उचलून भिंतीला टेकवली. तिथे टायर अगदी फिट्ट बसला.

"जमलं की नाही, मेकॅनिकबाई?" बाबांनी टाळीसाठी हात पुढे केला.

तिने टाळी दिली, हात धुतले आणि ती स्वयंपाकघराच्या दारात, आत आई आणि बाहेर अंगणात बाबा अशी मधोमध येऊन उभी राहिली.



"आई, बाबा, होस्टेलचा फॉर्म मी भरतेय. आणि सोडायला येऊ नका, मी बसने जाईन."