सपाट जागा

हिल्केआजोबांना केव्हाची लघवीला लागली होती आणि गाडी थांबवण्याजोगी जागा काही मिळत नव्हती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, वरून हिम नुसतं भुरभुरत होतं.

"मेन्नो, अजून किती रे?"

"बाईसाहेबांना विचारा," समोरून नजर न काढता त्यांचा मुलगा म्हणाला.

बाईसाहेब म्हणजे आफकेच्या, म्हणजे मेन्नोच्या बायकोच्या, फोनमधली रस्ता सांगणारी बाई. हॉलंडमधल्या फ्रीसलंडातून निघाल्यापासून गाडीत तिचाच शब्द चालत होता. ऑस्ट्रियात स्कीइंगला निघालेल्यांची शनिवारची रांग लागली, तेव्हा तिनेच त्यांना हमरस्ता सोडून या आडवाटेला घातलं. मेन्नो कुरकुरला होता. "हा रस्ता चालू आहे हे तिला कुठून कळतं?"

"आधी गेलेल्या गाड्यांवरून," आफकेने ऐकवलं होतं. "सगळेच तुझ्यासारखे रांगेत बसून राहत नाहीत."

या वाटेवर अजून एकही गाडी भेटली नव्हती, हे आफकेच्या लक्षात आलं होतं. पण आता तसं म्हणायचं म्हणजे नवऱ्याला आयतंच निमित्त.

मागच्या सीटवर आजोबांशेजारी त्यांची नात निन्के गाल फुगवून बसली होती. हमरस्त्यावर तिची चंगळ होती. आपल्या देशाची पिवळी नंबरपाटी दिसली की हात करायचा. मग ते लोकही दिव्यांची उघडझाप करणार, हात हलवणार. सुट्टीवर निघालेल्यांची ती रीतच. इथे हात करायला होतं कोण?

शेवटचं वळण उतरलं आणि समोर एकदम मोकळं झालं. पांढरं, सपाट, लांबच लांब. चढ नाही, दरी नाही. डोंगर लागल्यापासून मुठी आवळून बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यात पडला.

"याला म्हणतात जमीन!" आजोबा म्हणाले. "घे आत, थांबव बाबा. नाहीतर सीट धुवावी लागेल."

रस्ता कुठे संपला आणि मैदान कुठे लागलं, ते हिमात कळत नव्हतं. मेन्नोने गाडी ऐसपैस आत नेऊन थांबवली. आजोबा लगबगीने उतरून मागे गेले. आफकेने थर्मासमधलं वाटाण्याचं सूप पेल्यात ओतलं. घाटात अडकून पडलेला नकाशा तेवढ्यात हलला आणि फोनचा पडदा निळा झाला. चारी बाजूंनी निळा, मधोमध त्यांचा बाण.

आफकेला हसू आवरेना. "हे बघ. बाईसाहेबांनी आपल्याला तळ्यात उभं केलंय."

"बघू, बघू!" मेन्नोला चेव आला. "मी सकाळपासून काय सांगतोय? डोकं फिरलंय तिचं."

निन्केने मागून फोन ओढून घेतला आणि तीही खिदळायला लागली. दिवसभराची कुरबुर त्या हसण्यात विरून गेली.

"मेन्नो." बाहेरून आजोबांचा आवाज आला. इतका हळू, की आफकेने वळून पाहिलं. "इंजिन बंद कर. दारं उघड. सगळी."

आजोबा पँट तशीच धरून पायाशी बघत उभे होते. गरम धारेने हिमाला भोक पडलं होतं. खाली माती नव्हती, गवत नव्हतं. काळंभोर, गुळगुळीत बर्फ होतं.

फ्रीसलंडच्या माणसाला पाण्यावर धरलेल्या बर्फाचा तो काळा रंग ओळखू येतो. गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंग करतच ती माणसं मोठी होतात. वर हिमाची गोधडी पडली की खालचं बर्फ जाड होत नाही, हे तिथली पोरंसोरंही जाणतात. हातातला सूपचा पेला कुठे ठेवावा, हे आफकेला सुचेना.

"बाबा, तुम्ही..."

"बोलू नकोस. डिकीतली बर्फावरची घसरगाडी काढ. निन्केला तिच्यावर पालथी झोपव आणि दोरी लांब सोड. एकमेकांपासून अंतर ठेवून चाला. कुणी खाली गेलं तर बाकीच्यांनी धावायचं नाही. कुणासाठीही नाही. कळलं, आफके?"

'कुणासाठीही नाही' म्हणताना ते नातीकडे बघत होते.

काठावरची झाडं जवळ दिसत होती. आफके दोरी ओढत निघाली. एकदा पायांखालून लांबलचक कण्हल्यासारखा आवाज गेला आणि सगळे जागच्या जागी थिजले. मग पुन्हा एक पाऊल. मग आणखी एक. झाडाची मुळं पायाला लागली तेव्हा आफकेने लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. मेन्नो मागून काठावर चढला. आजोबांनी आता कुठे पँटची बटणं लावली.

दूर तळ्यात त्यांची गाडी चारी दारं उघडी टाकून उभी होती. माझं चुकलं, असं आफकेला म्हणायचं होतं.

तेवढ्यात घाटात इंजिनाचा आवाज आला. वळणावर दोन दिवे दिसले. टपावर स्कीची लांब पेटी बांधलेली गाडी त्यांच्याच चाकोरीतून हळूहळू उतरत होती.

"पिवळी पाटी!" निन्के ओरडली.

चौघेही दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांताने हलवू लागले. "थांबा! थांबा!" आजोबांचा घसा बसला. मेन्नो गुडघाभर हिमातून काठाकाठाने धावत सुटला.

गाडी चाकांच्या खुणांवरून सरळ पांढऱ्या सपाटीवर आली. तिने दिव्यांची उघडझाप केली. खिडकीची काच खाली झाली, लाल हातमोजा घातलेला एक हात बाहेर आला आणि मजेत हलू लागला.