ड्रायव्हरची सोय

सकाळी सात वाजता तिने गाडीची काच पुसली, चाकांतली हवा पाहिली आणि तिन्ही मैत्रिणींना त्यांच्या दारातून घेतलं. द्राक्षमळ्यांच्या सहलीला दरवर्षी गाडी तिचीच; म्हणून दिवसभर वाइन चाखायची तिघींनी, तिने नुसता वास घ्यायचा.

शेवटच्या वायनरीत गाडी लावून ती दाराशी पोचली, तर व्यवस्थापक म्हणाला, “ताई, ड्रायव्हर लोकांची सोय मागे आहे.”

“जा गं बाई, चहा तरी मिळेल!” मैत्रिणी खिदळल्या, त्याची चूक एकीनेही सुधारली नाही.

मागच्या बाकावर चहा पिताना तिला कळलं, की शहराकडे जाणारी शेवटची बस साडेपाचला सुटते. बस निघून जाईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.



मग ती आत गेली, मैत्रिणींच्या मधोमध बसली आणि स्वतःसाठी अख्खी बाटली मागवून तिने पहिला ग्लास एका दमात रिकामा केला.