आईच्या पुढे

पसरणी घाटाच्या शेवटच्या वळणावर केतकीला आई दिसली. पंचविशीतली आई, निळ्या जर्सीतली, सायकलवर उभी राहून पॅडल मारणारी. केतकीच्या स्मार्ट चष्म्याच्या काचेत उमटणारी ती छाया आईच्या जुन्या विक्रमाच्या वेगानेच पळायची, कणभर कमी नाही की जास्त नाही. तिच्याआधी माथ्यावर पोचलं तरच राज्याच्या संघात जागा मिळणार होती, आणि आजची चाचणी शेवटची होती.

केतकीचं पुढचं चाक छायेच्या मागच्या चाकाला भिडलं आणि दर वेळी व्हायचं तेच झालं. पाय आपोआप मंदावले.

"का गं, दमलीस?" कानातल्या फोनमधून खरीखुरी आई ओरडली. पन्नाशी उलटलेली ती माऊली माथ्यावरून खालचं वळण न्याहाळत लेकीची वाट बघत उभी होती.

"न्हाई गं. पण तुझ्या पुढं कशी जाऊ?"



"अगं येडे, मला मान देतीस व्हय? पाया पडायचं ते घरी, घाटात न्हाई! हाण!"

केतकीने मनातल्या मनात छायेला नमस्कार केला आणि सगळं अंग पॅडलवर टाकलं. निळी जर्सी शेजारी आली, रेंगाळली, मग मागं पडली. आता समोर मोकळा रस्ता होता, आणि माथ्यावर, आपलाच विक्रम मोडतोय म्हणून दोन्ही हात वर करून नाचणारी आई.